वाद दोघांचा, अनामत तिसऱ्याची

ऑगस्ट २०२५ मध्ये असोसिएशन ऑफ हेल्थकेअर प्रोव्हायडर्स इंडिया या रुग्णालयांच्या संघटनेने उत्तर भारतातल्या आपल्या सदस्यांना कळवलं, की १ सप्टेंबरपासून बजाज अलियान्झच्या विमेदारांना कॅशलेस (रुग्णाऐवजी विमा कंपनीने थेट रुग्णालयाला बिल देण्याची सोय) देऊ नका. कंपनीचं मुख्यालय आपल्या येरवड्यात, पण तंटा उत्तरेकडचा, त्यामुळे पुण्यातल्या पेन्शनरांनी तो बातमीपुरता वाचला आणि सोडून दिला. बोलणी झाली, सूचना मागे घेतली गेली. पुढच्याच महिन्यात आणखी एका आरोग्य विमा कंपनीला तसाच इशारा मिळाला. याच्या उलटही घडलेलं आहे. जुलै २०१० मध्ये सरकारी मालकीच्या चार विमा कंपन्यांनीच मुंबई, दिल्ली, बंगळूर आणि चेन्नईतल्या अनेक मोठ्या रुग्णालयांतली कॅशलेस बंद केली होती. म्हणजे कधी रुग्णालय दार लावतं, कधी विमा कंपनी. पंधरा वर्षांत भांडणाचा विषय मात्र तोच राहिला आहे: एका शस्त्रक्रियेचे किती पैसे द्यायचे आणि किती दिवसांत द्यायचे.

या भांडणात कोण बरोबर, यावर पुष्कळ लिहिलं जातं. मला वेगळा मुद्दा मांडायचा आहे. दरांचा करार रुग्णालय आणि विमा कंपनी यांच्यात होतो. त्यावर पेन्शनरची सही नसते, तो त्याला वाचायलाही मिळत नाही. करार मोडला की भुर्दंड मात्र त्याच्यावर पडतो, तोही दाखल होण्याच्या दिवशी, अनामत रकमेच्या रूपात. ज्या करारात आपण पक्षकार नाही, तो मोडल्याचा भार आपल्यावर का? पॉलिसीचं नूतनीकरण झालं त्या दिवशी जे रुग्णालय कंपनीच्या यादीत होतं, त्याने त्या पॉलिसी वर्षाच्या अखेरपर्यंत ठरलेल्या दरानेच कॅशलेस दिलं पाहिजे. असा नियम हवा. दराचा वाद दोघांनी रुग्ण घरी गेल्यावर घालावा.

दोन्ही बाजूंना आपापली कारणं आहेत. संघटनेच्या म्हणण्यानुसार वैद्यकीय खर्च वर्षाला सात ते आठ टक्क्यांनी वाढतो आणि दरकरार मात्र जुनेच राहतात. हे नाकारता येत नाही. सिंहगड रस्त्यावरच्या तीस खाटांच्या नर्सिंग होमला नर्सचे पगार, ऑक्सिजन, वीजबिल हे सगळं दर महिन्याला भरावं लागतं. विम्याचे पैसे दोन-तीन महिन्यांनी आले तर मधला काळ ओव्हरड्राफ्टवर काढावा लागतो. विमा कंपन्या म्हणतात, त्याच पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचा रोख रुग्णासाठी एक आकडा आणि विमेदारासाठी दुसरा असतो. तेही खरं आहे. काउंटरवर आजार विचारण्याआधी ‘इन्शुरन्स आहे का?’ असं विचारलं जातं, ते उगाच नाही. पण या संशयाचा हिशेब कुणाकडून वसूल होतो? विमा नियामकाच्या वार्षिक अहवालानुसार २०२३-२४ मध्ये पॉलिसीच्या अटींवर बोट ठेवून सुमारे १५,१०० कोटी रुपये कापले गेले. दाखल झालेल्या दाव्यांच्या रकमेच्या हे जवळपास तेरा टक्के होतात. रुग्णालयाने बिल लावलं आणि कंपनीने कापलं, तर मधली रक्कम बहुतेक वेळा रुग्णाच्या घरातूनच जाते.

ती कशी जाते, हे डिस्चार्जच्या दिवशी नीट दिसतं. सकाळी दहाच्या राउंडला डॉक्टर घरी जायला सांगतात. सिस्टर फाइल पूर्ण करते, न वापरलेली औषधं फार्मसीला परत जातात, लॅब आणि ओटीच्या (शस्त्रक्रियागृहाच्या) नोंदी बिलात चढतात. अंतिम बिल हातात पडेपर्यंत दुपार होते. मग टीपीए डेस्कवरून (टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी त्रयस्थ संस्था) बिल, डिस्चार्ज समरी, रिपोर्ट आणि इम्प्लांटचं, म्हणजे शरीरात बसवलेल्या कृत्रिम भागाचं, स्टिकर पोर्टलवर जातं. इथून पुढचा वेळ विमा कंपनीचा. विमा नियामकाच्या २९ मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे (एकत्रित परिपत्रकाप्रमाणे) दाखल होतानाची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची असते. तीन तासांपेक्षा उशीर झाला आणि रुग्णालयाने त्याचे जादा पैसे लावले, तर ते कंपनीने स्वतःच्या भागधारकांच्या निधीतून भरायचे. नियम चांगला आहे. पण घड्याळ सुरू होतं ते रुग्णालयाची विनंती कंपनीकडे पोचल्यावर. त्याआधी बिलिंगमध्ये गेलेले चार तास कुणाच्याच खात्यात नाहीत. त्यात कंपनीकडून एखादी क्वेरी, म्हणजे शंका, आली की संध्याकाळ झालीच.

ठरावीक क्वेरी असते ती अशी: रक्तदाब किती वर्षांपासून आहे, पहिल्यांदा निदान झालं तेव्हाचा कागद पाठवा. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने वीस वर्षांपूर्वीचा फॅमिली डॉक्टरचा कागद आणायचा कुठून? याला एक उत्तर आहे आणि ते फार कमी जण देतात. विमा सलग साठ महिने चालू असेल, तर आधीचा आजार लपवला या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक हाच अपवाद. १ एप्रिल २०२४ पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळही (ज्यात त्या आजाराचा दावा मिळत नाही) आता तीन वर्षांहून जास्त ठेवता येत नाही. एका कंपनीतून दुसरीकडे पोर्ट केलेली वर्षंही यात धरली जातात. म्हणून पहिल्या पॉलिसीपासूनची सगळी शेड्यूल (पॉलिसीच्या तपशिलाची पानं) एका पीडीएफमध्ये करून मुलांच्या आणि शेजाऱ्यांच्या फोनमध्ये ठेवावीत. टीपीए डेस्कवर ‘साठ महिने पूर्ण, शेड्यूल जोडली आहेत’ एवढं एक वाक्य क्वेरीच्या उत्तरात लिहून घ्यावं.

आता मंजुरीपत्राकडे या. इथेच सगळ्यात जास्त पैसे गळतात. बिल समजा २,४०,००० रुपयांचं आणि मंजुरी १,८५,००० ची. काउंटरवर सांगतात, ‘पेशंट पेएबल ५५,०००.’ माणूस दिवसभर बसून थकलेला असतो, तो कार्ड पुढे करतो. पण या ५५,००० मध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. पहिली, देय नसलेल्या वस्तू: हातमोजे, मास्क, ईसीजीचे इलेक्ट्रोड, किडनी ट्रे असल्या. पॉलिसीत कन्झ्युमेबल्सचं वेगळं संरक्षण नसेल तर हा खर्च रुग्णाचा. दुसरी, पॉलिसीच्या अटींची कपात: को-पे (बिलातला रुग्णाने भरायचा ठरलेला वाटा), खोलीभाड्याची मर्यादा, मोतीबिंदूसारख्या उपचाराची ठरलेली कमाल रक्कम. हीसुद्धा रुग्णाची. तिसरी कपात म्हणजे रुग्णालयाने लावलेला दर आणि करारात मान्य केलेला दर यांतला फरक. पत्रात ती ‘ॲग्रीड टॅरिफ’ किंवा ‘हॉस्पिटल डिस्काउंट’ अशा नावाने येते. ही रक्कम रुग्णाची नाही. रुग्णालयाने कमी दर स्वतः सही करून मान्य केलेला आहे, त्यामुळे तो फरक त्यानेच सोडायचा. मंजुरीपत्रात बऱ्याचदा ‘विमेदाराकडून वसूल करू नये’ असं लिहिलेलंही असतं, पण ते पत्र रुग्णाच्या हातात देतं कोण? तेव्हा पैसे भरण्याआधी पत्राची प्रत मागा, तिन्ही रकमा वेगळ्या लिहून मागा, आणि तिसरीच्या पुढे पेनाने रेघ मारा. काउंटरवरचा कर्मचारी ऐकत नसेल तर टीपीएच्या हेल्पलाइनवर तिथूनच फोन लावा आणि ही कपात कोणी भरायची ते ईमेलने कळवायला सांगा.

खोलीभाड्याचा फटका मात्र माणूस न कळत स्वतः ओढवून घेतो. विमा तीन लाखांचा आणि खोलीची मर्यादा दिवसाला एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये. जनरल वॉर्ड भरलेला, म्हणून ६,००० ची खोली घेतली. लोकांना वाटतं, वरचे ३,००० आपण भरू. तसं होत नाही. सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी, व्हिजिट असे खोलीच्या वर्गाप्रमाणे बदलणारे खर्च त्याच प्रमाणात कापले जातात. ते १,२०,००० असतील तर ६०,०००च मिळतात. मात्र औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूचं भाडं यांना ही प्रमाणशीर कात्री लावता येत नाही. जिथे खोलीनुसार दर बदलतच नाहीत, तिथेही लावता येत नाही. कपातीच्या तक्त्यात एमआरआय किंवा गुडघ्याच्या इम्प्लांटवर अर्धी रक्कम कापलेली दिसली, तर ती चूक आहे आणि ती दुरुस्त करून घेता येते.

हे झालं कॅशलेस चालू असतानाचं. ते बंद झाल्यावर काय होतं? कंपनी म्हणते, काळजी नको, तुम्ही आधी भरा, आम्ही परतावा देऊ. ऐकायला ठीक वाटतं. पण करार मोडला की त्यातला दरही जातो. समजा गुडघा बदलण्याचं करारातलं पॅकेज २,१०,००० चं होतं आणि रुग्णालयाचा खुला दर ३,००,००० आहे. कालपर्यंत रुग्णाने २,१०,००० च्या हिशेबाने कॅशलेस घेतलं असतं. आज तो ३,००,००० भरतो, परतावा मागतो, आणि कंपनी ‘वाजवी आणि प्रचलित दर’ या कलमाखाली २,१०,००० देते. मधले ९०,००० कुणी भरायचे? आजार तोच, पॉलिसी तीच, हप्ता तेवढाच. बदललं ते फक्त त्या दोघांचं नातं. जनरल इन्शुरन्स कौन्सिल या विमा कंपन्यांच्या मंचाने जानेवारी २०२४ मध्ये ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ जाहीर केलं, यादीबाहेरच्या रुग्णालयातही कॅशलेस मिळेल म्हणून. ठरवून केलेल्या उपचाराला ४८ तास आधी आणि तातडीच्या वेळी दाखल झाल्यापासून ४८ तासांत कंपनीला कळवायचं. पण रुग्णालयानेच नको म्हटलं तर या घोषणेचा उपयोग होत नाही, आणि वादाच्या काळात नेमकं तेच होतं.

नोकरी करणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला हे जमतं. क्रेडिट कार्ड असतं, ऑफिसचा एचआर असतो. निवृत्तांचा पैसा असतो तो मुदत ठेवीत आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. ती योजना एक वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत मोडली तर मुद्दलाच्या दीड टक्का कापला जातो, दोन वर्षांनंतर एक टक्का. दहा लाखांवर पंधरा किंवा दहा हजार रुपये, आणि शिवाय पुढचं व्याज गेलं. कोथरूड, सहकारनगर, औंध या भागांत घरात दोघंच, मुलं बाहेरदेशी, हे चित्र नवं नाही. रात्री अकरा वाजता दोन लाखांची अनामत कोण उभी करणार? रुग्णालयांना यूपीआयने पाच लाखांपर्यंत भरण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये दिली आहे, हे माहीत असलेलं बरं. पण खात्यात तेवढे असावे लागतात. कंपनी बदलावी म्हटलं तर पोर्टसाठी नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करायचा, आणि मधुमेह, स्टेंट, गुडघा असं सगळं असलेल्या सत्तरीच्या माणसाला नवी कंपनी नकार देऊ शकते. निवृत्त माणूस आहे त्या कंपनीत अडकलेला असतो, म्हणूनच त्याच्या बाबतीत नियम जास्त कडक हवेत.

आणि पुणं तर निवृत्तांचंच शहर. खडकी आणि देहूरोडच्या दारूगोळा कारखान्यांतले, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले, हवामान खात्यातले, लष्करातले, बँकांतले. केंद्राच्या पेन्शनरांना सीजीएचएस ही केंद्र सरकारची आरोग्य योजना आहे, तिचं पुण्याचं कार्यालय मुकुंदनगरात. माजी सैनिकांना ईसीएचएस ही तशीच योजना. त्या विमा योजना नव्हेत, पण तिथेही थकीत बिलांवरून आणि जुन्या दरांवरून रुग्णालयं कुरकुर करतात. सीजीएचएसचे दर २०१४ नंतर पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात बदलले ते १३ ऑक्टोबर २०२५ पासून, सुमारे दोन हजार उपचारांचे. अकरा वर्षं ही फार मोठी दिरंगाई, तिचं समर्थन होऊ शकत नाही. तरीही या व्यवस्थेतली एक गोष्ट खासगी विम्याने उचलावी: तिथले दर जाहीर आहेत. कोणीही संकेतस्थळावर वाचू शकतो. रुग्णालयाने जास्त मागितले तर पेन्शनर यादी पुढे धरू शकतो. खासगी विम्यात हीच यादी गुप्त, आणि ज्याच्या हप्त्यातून पैसे जातात त्याच्यापासूनच गुप्त.

बँक पेन्शनरांची अडचण वेगळी. त्यांची सामूहिक पॉलिसी इंडियन बँक्स असोसिएशनच्या मार्फत ठरते, नूतनीकरण १ नोव्हेंबरला. हप्ता बहुतांशी स्वतःच्या खिशातून. पण रुग्णालयांची यादी कोणती, दर कोणते, टीपीए कोण, यात त्यांचं म्हणणं कुणी विचारत नाही. वर २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, सामूहिक पॉलिसीवरचा तसाच राहिला. नोकरदारांच्या सामूहिक विम्याला तो कंपनी भरते. पेन्शनर मात्र तो स्वतः भरतो. हा फरक अन्यायकारक आहे आणि तो लगेच दूर करता येण्यासारखा आहे.

सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे, उत्पन्नाची अट नाही, खासगी पॉलिसी सोडावी लागत नाही. फक्त सीजीएचएस किंवा ईसीएचएस असेल तर दोन्हीपैकी एक निवडावं लागतं. कार्ड काढून ठेवावं. मात्र आपलं रुग्णालय त्या योजनेत आहे का आणि आपल्या उपचारासाठी आहे का, हे आधी विचारावं.

मग या वादात दाद मागायची कुठे? विमा कंपनीविरुद्ध रस्ता बऱ्यापैकी स्पष्ट आहे. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी, सोबत ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ वर नोंद. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावरच्या जीवन दर्शन इमारतीत विमा लोकपालांचं कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचे दावे चालतात, सामूहिक पॉलिसीचेही. कंपनीच्या नकारापासून एका वर्षात जायचं. निवाडा तीस दिवसांत पाळला नाही तर कंपनीला दिवसाला ५,००० रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात. पण लोकपालांपुढे रुग्णालयाला उभं करता येत नाही. करार कोणी मोडला, खुला दर का लावला, हे प्रश्न तिथे अर्धेच सुटतात.

रुग्णालयाच्या बाजूला तर दरांवर देखरेख करणारं कुणीच नाही. २०१० चा केंद्रीय वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. इथे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो. त्याच्या नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं, तक्रारी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे नेता येतात. दरपत्रक लावलं की दर कळतील, पण ते किती असावेत हे कोणी सांगत नाही. ठरवलं तर सरकार हे करू शकतं. २०१७ मध्ये हृदयातल्या स्टेंटच्या आणि गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींना कमाल मर्यादा घातली गेलीच. वस्तूला मर्यादा आहे, ती बसवण्याच्या पॅकेजला नाही.

म्हणून तीन गोष्टी नियमात हव्यात, आणि त्या एकत्रच हव्यात. पॉलिसी वर्ष संपेपर्यंत यादी गोठवणं ही पहिली; करार संपवायचा असेल तर नव्वद दिवसांची नोटीस, आणि ठरलेल्या शस्त्रक्रिया, डायलिसिस, केमोथेरपी चालू असलेल्यांना ती पूर्ण होईपर्यंत जुनाच दर. दुसरी, करारातले दर विमेदाराला पाहायला मिळणं. तिसरी, वादातली रक्कम रुग्णाकडून न घेता दोघांमध्ये निवाड्यासाठी ठेवणं, ज्यात राज्य सरकारचा आरोग्य विभाग आणि विमा नियामक दोघंही असतील. विमा कंपन्या म्हणतील, यामुळे रुग्णालयं डोक्यावर बसतील. बसणार नाहीत, कारण गोठवलेला दर दोघांनाही बांधतो. रुग्णालयाला वाढ हवी असेल तर ती त्याने करार संपायच्या आत मागावी. रुग्णालयं म्हणतील, तोट्यात सेवा का द्यायची? फार तर एक वर्ष, आणि तेही स्वतः सही केलेल्या दराने. त्या बदल्यात कंपनीने ठरलेल्या मुदतीत पैसे दिले नाहीत तर बँक दरापेक्षा दोन टक्के जास्त व्याज रुग्णालयालाही मिळावं, ही त्यांची मागणी असेल तर पेन्शनर संघटनांनी तिला उघड पाठिंबा द्यावा.

कायदा यायला वेळ लागेल. सामूहिक पॉलिसीच्या करारात मात्र हे येत्या नूतनीकरणालाच लिहून घेता येतं, कारण तिथे अटी बोलणीतून ठरतात. पेन्शनर संघटनांनी हप्ता किती वाढला यावरच सगळी ताकद न घालवता दोन कलमं मागावीत. एक, नूतनीकरणाच्या तारखेची रुग्णालयांची यादी शहरवार पॉलिसीला जोडावी आणि ती पॉलिसीचा भाग मानावी. दोन, त्या यादीतलं रुग्णालय मध्येच बाहेर पडलं, तर तिथल्या बिलाचा परतावा ‘वाजवी दर’ या नावाखाली न कापता पॉलिसीच्या मर्यादेत प्रत्यक्ष बिलाप्रमाणे द्यावा. १ नोव्हेंबरला नूतनीकरण असलेल्यांनी ही पत्रं ऑगस्टमध्येच द्यावीत; ऑक्टोबरमध्ये कोटेशन उघडल्यावर अटी बदलायला कुणी तयार होत नाही.